रिमोट बोलतो, पण ऐकत नाही

टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा दुसरा, होम थिएटरचा तिसरा आणि इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या स्टिकचा चौथा. बैठकीच्या खोलीतल्या टीपॉयवर आज असा चार रिमोटचा संसार असतो. बाबूराव पेंटर यांनी ज्या कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या गावाला सिनेमाची गोडी वेगळी सांगायला नको. राजारामपुरी असो वा ताराबाई पार्क, मोठा पडदा आणि घुमणारा आवाज आता घरातच आला आहे. मात्र तो सुरू करणे हे घरातल्या एखाद्याच माणसाला जमते. मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेली, की मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही दोन अक्षरे येतात आणि संध्याकाळच्या बातम्या मुलाचा फोन लागेपर्यंत थांबतात.

यावर उपाय म्हणून दुकानदार युनिव्हर्सल रिमोट हातात ठेवतो. सगळ्या उपकरणांसाठी एकच. पण तो घरी आणल्यावर ‘लावायचा’ कसा, हे अनेकांना कोडे वाटते. त्यामागचे विज्ञान थोडे समजले तर ते सुटते.

न दिसणारा प्रकाश

रिमोटच्या टोकाला छोटा एलईडी असतो. बटण दाबले की तो लुकलुकतो, पण आपल्याला दिसत नाही. कारण तो अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण सोडतो. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहू शकतो. रिमोटचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून जे अदृश्य किरण शोधले, त्यांच्याच कुळातला हा प्रकाश. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबले तर स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. रिमोट बिघडला की टीव्ही, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी चाचणी.

अवरक्त किरण तर उन्हात आणि दिव्यांतही असतात. मग टीव्हीला रिमोटचा इशारा वेगळा कसा कळतो? रिमोटचा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि टीव्हीतला ग्राहक त्याच गतीच्या उघडझापीकडे लक्ष देतो. महाद्वार रोडच्या गर्दीत कितीही गलका असला तरी आपल्या माणसाची हाक कानाला कळते, तसेच हे.

एक हुकूम, अनेक भाषा

या उघडझापीचे लांब-आखूड गट म्हणजे रिमोटची भाषा. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांची लांब चमक, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर शून्य-एकच्या रूपातले ३२ अंक जातात. टपालाच्या पाकिटासारखीच ही रचना: आधी पत्ता, म्हणजे निरोप कोणत्या उपकरणासाठी आहे ते, मग मजकूर, म्हणजे आवाज वाढवायचा की चॅनेल बदलायचे ते. चूक होऊ नये म्हणून पत्ता आणि मजकूर दोन्ही उलट करून पुन्हा पाठवले जातात. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपते.

अडचण अशी, की सगळ्या कंपन्या ही भाषा बोलत नाहीत. सोनीची पद्धत वेगळी. तिची उघडझाप ४० हजारांची. फिलिप्सची आरसी-५ पद्धत आणखी वेगळी. ती ३६ हजारांची. ‘आवाज वाढव’ हा एकच हुकूम तीन घरी तीन भाषांत दिला जातो. युनिव्हर्सल रिमोट हा अनेक भाषा येणारा दुभाषा आहे. प्रोग्रॅमिंग करायचे म्हणजे समोरचा कोणती भाषा बोलतो, एवढेच त्याला सांगायचे.

सांगण्याच्या तीन वाटा

पहिली वाट कोडची. रिमोटसोबतच्या पुस्तिकेत कंपन्यांच्या नावापुढे आकडे दिलेले असतात. टीव्ही सुरू ठेवायचा, ‘सेट’ बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचे आणि आपल्या कंपनीचा आकडा टाकायचा. एकाच कंपनीपुढे अनेक आकडे असतात, कारण तिने वेळोवेळी भाषा बदललेली असते. पहिल्या आकड्याने फक्त आवाज चालला आणि इनपुट बदलले नाही, तर पुढचा आकडा वापरून पाहावा.

दुसरी वाट शोधाची. पुस्तिका हरवली असेल तर रिमोट एकामागून एक कोड आपोआप पाठवत राहतो. टीव्ही बंद झाला, की योग्य कोड सापडला. तिथेच थांबवून तो पक्का करायचा. याला वेळ लागतो आणि घाईत खरा कोड निसटतो.

तिसरी वाट शिकवणीची. जुना आणि नवा रिमोट टेबलावर समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवायचे. नव्या रिमोटला ‘लर्न’ स्थितीत आणायचे, त्यावरचे हवे ते बटण दाबायचे आणि मग जुन्यावरचे तेच बटण दाबायचे. नवा रिमोट ती उघडझाप जशीच्या तशी टिपून घेतो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. आज अनेक सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरही टीव्हीची चार-पाच बटणे शिकवण्याची सोय असते. ती आधी तपासली तर नवा रिमोट घेण्याची वेळच येत नाही. शिकवणी थेट उन्हात करू नये आणि दोन्ही रिमोटमध्ये सेल नवे असावेत. स्टिकचे बरेच रिमोट मात्र प्रकाशाऐवजी ब्लूटूथवर चालतात. ते या पद्धतीने शिकवता येत नाहीत.

खरी अडचण पुढेच

सगळे कोड बसले तरी घरातली तक्रार संपत नाही. याचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. साधा रिमोट बोलतो, पण ऐकत नाही. त्याने हुकूम सोडला, पण तो पोहोचला की नाही, टीव्ही आधीच सुरू होता की बंद, हे त्याला कळत नाही. त्यात बहुतेक उपकरणांवर चालू-बंदसाठी एकच बटण. ‘सिनेमा’ या एका बटणात टीव्ही आणि होम थिएटर दोन्ही सुरू करण्याचा हुकूम भरला आणि त्या वेळी टीव्ही आधीच सुरू असला, तर होम थिएटर सुरू होते आणि टीव्ही बंद पडतो. पुन्हा दाबले की उलटे. वापरणाऱ्याला वाटते आपलेच काही चुकले.

यावर उपाय आहेत. काही उपकरणांत ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे स्वतंत्र हुकूम असतात. ते मिळाले तर तेच भरावेत. नाही तर एका बटणात सगळे कोंबण्याऐवजी दोन बटणे ठेवणे बरे. टीव्ही जागा व्हायला काही सेकंद लागतात. म्हणून त्यानंतरच्या हुकमाआधी थोडा विराम द्यावा.

आणखी चांगला उपाय घरात आधीच असण्याची शक्यता आहे. टीव्ही आणि होम थिएटर एचडीएमआय केबलने जोडलेले असतील, तर त्यातली एक तार दोन्ही उपकरणांना एकमेकांशी बोलू देते, आणि हे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. सॅमसंगच्या टीव्हीत ही सोय ‘ॲनीनेट प्लस’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ आणि एलजीत ‘सिंपलिंक’ या नावाने सेटिंगमध्ये सापडते. ती सुरू केली आणि केबल ‘एआरसी’ लिहिलेल्या जागी लावली, तर बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटने होम थिएटरचा आवाज कमी-जास्त होतो.

कोणाच्या हातासाठी?

रिमोट लावणारा बहुधा तरुण असतो आणि वापरणारा वयस्क. मोतीबिंदूमुळे काळ्या पार्श्वभूमीवरची राखाडी अक्षरे पुसट दिसतात. हाताला कंप असेल तर बटण गरजेपेक्षा जास्त वेळ दाबले जाते आणि एकाऐवजी अकरा नंबरचे चॅनेल लागते. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत यासाठी खास एक अंक राखलेला आहे. बटण नव्याने दाबले की तो बदलतो, दाबून धरले तर बदलत नाही. त्यामुळे समोरच्या उपकरणाला फरक ओळखता येतो. पण प्रत्येक उपकरण इतके समजूतदार नसते.

म्हणून शक्य तितकी बटणे शिकवण्याचा मोह टाळावा. चालू-बंद, आवाज, चॅनेल आणि ‘मागे’ एवढी पुरतात. ज्याने पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते ते इनपुटचे बटण शक्यतो रिकामे ठेवावे, किंवा आवाजाच्या बटणापासून दूर न्यावे. चालू-बंदच्या बटणावर कपाळाची टिकली चिकटवली तर अंधारातही बोटाला कळते. कोडचे आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवावेत. सेल काढले की काही रिमोट शिकलेले विसरतात. जुने रिमोट फेकू नयेत. सेल काढून ते डब्यात ठेवावेत, कारण काही सेटिंग फक्त त्यांनीच उघडते.

नाण्याएवढा धोका

होम थिएटरच्या बारीक रिमोटमध्ये अनेकदा नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. घरात लहान मूल असेल तर तो गंभीर धोका आहे. सुमारे २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतीतून वीज वाहते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांतच आतून गंभीर भाजल्याची जखम होऊ शकते. सुरुवातीला फक्त लाळ गळणे, खोकला किंवा खायला नकार एवढेच दिसते. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये; एक्स-रेची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे आणि काय गिळले असावे ते डॉक्टरांना लगेच सांगावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारा रिमोट निवडावा आणि उतरलेले सेलही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

प्रोग्रॅमिंग झाल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. रिमोट लावणाऱ्याने खोलीबाहेर जावे आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने एकटीने टीव्ही सुरू करून, आवाज बेताचा करून, बंद करून दाखवावा. हाक न मारता हे जमले, तर रिमोट नीट लागला. हाक आलीच, तर एक-दोन बटणे आणखी कमी करावीत.