लेखातली लिंक आणि तिचे कमिशन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेखात एखाद्या वस्तूची लिंक द्यायची, वाचकाने त्या लिंकवरून ऑनलाइन दुकानात जाऊन खरेदी केली की दुकानाने लेखकाला ठरलेले कमिशन द्यायचे, या व्यवहाराला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. लिंकमध्ये लेखकाच्या खात्याची खूण असते आणि त्या खुणेवरून विक्री कोणामुळे झाली हे दुकानाला कळते. अमेझॉनने जुलै १९९६ मध्ये आपली अशी योजना सुरू केली, तेव्हा ती कंपनी मुख्यतः पुस्तके विकत होती. भारतात अमेझॉन जून २०१३ मध्ये आले. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि ऑनलाइन वाचन व खरेदी खेड्यापाड्यांत पोहोचली.

त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात राहूनही असे लेखन करता येते. हा सोयाबीन, तूर आणि कपाशीचा पट्टा आहे. याच तालुक्यात उल्कापातातून तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर आहे. फवारणी पंप कोणता घ्यावा, ताडपत्री किती जाडीची हवी, विवरात उतरताना कसे बूट घालावेत, असे प्रश्न इथल्या वाचकाला आणि इथे येणाऱ्या प्रवाशाला पडतात. त्यांची उत्तरे देणाऱ्या लेखात उपयोगी वस्तूची लिंक ओघानेच येते. या कामाला गोदाम लागत नाही, मालात पैसा अडकत नाही. म्हणूनच ते सोपे वाटते आणि त्याविषयी गैरसमजही पसरतात.

गैरसमज १ : लिंकवरून घेतलेली वस्तू वाचकाला महाग पडते.

वस्तुस्थिती : वाचक लिंकवरून गेला काय किंवा थेट दुकानाच्या ॲपवर गेला काय, त्या वेळी वस्तूची किंमत एकच असते. कमिशन दुकान आपल्या विक्रीखर्चातून देते. खरी जोखीम किमतीच्या माहितीत आहे. ऑनलाइन किमती दिवसातून अनेकदा बदलतात, त्यामुळे लेखात लिहिलेला आकडा लवकर शिळा होतो. अमेझॉनच्या नियमांनुसार किंमत हाताने टाइप करून लेखात ठेवता येत नाही; दाखवायचीच असेल तर ती कंपनीच्या अधिकृत यंत्रणेतून आली पाहिजे. सध्याची किंमत लिंकवर पाहावी असे लिहिणे वाचकाच्याही सोयीचे असते.

गैरसमज २ : लिंकवर क्लिक झाले की पैसे जमा होतात.

वस्तुस्थिती : बहुतेक योजनांत पैसे विक्रीवर मिळतात, क्लिकवर नाही. क्लिकनंतर वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक नोंद राहते आणि तिला मुदत असते. अमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारण २४ तासांची आहे. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये टाकली, तर पुढची खरेदी जास्त दिवसांपर्यंत धरली जाते. वस्तू परत केली गेली किंवा घरपोच आलेले पार्सल ग्राहकाने नाकारले, तर कमिशन रद्द होते.

हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. पाठीवरच्या चार्जिंग पंपावरील लेख १,००० जणांनी वाचला, ५० जणांनी लिंक उघडली आणि दोघांनी पंप घेतला. कर आणि पोहोचवण्याचा खर्च वगळता पंपाची किंमत २,००० रुपये आणि कमिशन ५ टक्के धरले, तर लेखकाला २०० रुपये मिळतील. एक पंप परत गेला तर १००. एका लेखातून मोठी रक्कम मिळण्याची अपेक्षा या हिशेबात टिकत नाही. अनेक उपयुक्त लेख वर्षानुवर्षे वाचले जातात, तेव्हा कुठे लहान रकमांची बेरीज होते.

गैरसमज ३ : एकदा लिंका टाकल्या की बसल्या जागी उत्पन्न सुरू राहते.

वस्तुस्थिती : लिंकांची देखभाल करावी लागते. वस्तू बाजारातून जाते, विक्रेता बदलतो, जुन्या मॉडेलच्या पानावर दुसरेच मॉडेल येते. मेलेल्या लिंकवर जाऊन परतलेला वाचक पुढच्या लिंकवर सहसा विश्वास ठेवत नाही. योजनेच्या अटीही कायमच्या नसतात. अमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील दर एकदम उतरवले आणि फर्निचरसारख्या गटाचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. एकाच कंपनीच्या कमिशनवर घरखर्चाची घडी बसवणे म्हणूनच धोक्याचे आहे. अमेझॉनच्या योजनेत नव्या सदस्याला पहिल्या १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर त्याचे खाते बंद होते. त्या तीन विक्रींसाठी स्वतःच्याच लिंकवरून स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी खरेदी करणे नियमात बसत नाही.

गैरसमज ४ : जितक्या लिंका जास्त, तितकी कमाई जास्त.

वस्तुस्थिती : वाचक माहिती घ्यायला येतो, आणि खरेदीचा विचार त्याच्या मनात लेखातील एखाद्याच ठिकाणी येतो. लिंकची जागा तीच. सोयाबीनची सुडी पावसापासून वाचवण्याविषयीच्या लेखात ताडपत्रीची जाडी, जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, कडेच्या कड्यांची मजबुती आणि उन्हात टिकण्याचा काळ हे सगळे समजावून झाल्यावर एक लिंक आली, तर ती वाचकाला मदत वाटते. तीच लिंक पहिल्या ओळीपासून प्रत्येक परिच्छेदात आली तर वाचन तुटते. मोबाइलच्या लहान पडद्यावर उड्या मारणारे फलक आणि मजकूर झाकणाऱ्या खिडक्या तर वाचकाला परतच पाठवतात.

लिंकचे शब्दही नेमके असावेत. ‘१६ लिटरचा चार्जिंग पंप’ हे शब्द कुठे जायचे ते सांगतात; ‘लगेच घ्या, संधी सोडू नका’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. लेखातली लिंक काढून टाकली तरी लेख पूर्ण आणि उपयोगी राहतो का, ही न खुपणाऱ्या लिंकची चांगली कसोटी आहे. वाचकाला ती वस्तू तालुक्याच्या दुकानातून घ्यावीशी वाटली, तरी लेखाचा त्याला उपयोग झाला पाहिजे.

गैरसमज ५ : न खुपणारी लिंक म्हणजे वाचकाला न कळणारी लिंक.

वस्तुस्थिती : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लिंक वाचनाच्या आड येऊ नये, पण तिच्यातून लेखकाला पैसे मिळतात हे वाचकाला माहीत असलेच पाहिजे. बाजार समितीत आडत्याची आडत सगळ्यांना ठाऊक असते, आणि माहीत असूनच लोक त्याच्याशी व्यवहार करतात. इथेही तसाच उघडपणा हवा. कमिशनची माहिती असलेला वाचक शिफारशीचे वजन स्वतः ठरवू शकतो. ती दडवली, तर त्याचा हा हक्कच हिरावला जातो.

भारतात याविषयी स्पष्ट नियम आहेत. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे एएससीआयने, डिजिटल माध्यमातील प्रभावकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठी आणखी सूचना दिल्या. त्यांचा आशय असा : आर्थिक संबंध ठळक आणि सहज दिसेल असा सांगावा, तो लिंकांच्या गर्दीत दडवू नये, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगावा, आणि शिफारस केलेली वस्तू स्वतः वापरलेली असावी.

म्हणून मराठी लेखाच्या सुरुवातीलाच ‘या लेखातील काही लिंकांवरून खरेदी झाल्यास लेखकाला कमिशन मिळते, वाचकाला जादा पैसे पडत नाहीत’ असे एक वाक्य असावे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत किंवा फक्त इंग्रजीत दिलेली सूचना या हेतूला पुरत नाही. अमेझॉनसारख्या कंपन्या आपल्या सदस्यांवर अशी कबुली देण्याची अट वेगळी घालतातच.

गैरसमज ६ : वस्तू खराब निघाली तर जबाबदार विक्रेता, लिंक देणाऱ्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : वस्तूची हमी विक्रेत्याची आणि उत्पादकाची असते, हे खरे. पण शिफारशीतला दावा ज्याने केला, त्याच्यावरही कायदा जबाबदारी टाकतो. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करण्यावर एक वर्षाची, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांची बंदीही घालता येते. दाव्याची योग्य शहानिशा केली होती हे दाखवता आले, तर शिफारस करणाऱ्याला दंडापासून संरक्षण मिळते.

शेतीच्या वस्तूंबाबत हा मुद्दा जिवाशी येतो. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मास्क, हातमोजे किंवा पंप यांची शिफारस केवळ कमिशनचा दर पाहून करणे अशा भागात अक्षम्य आहे. तणनाशक सहन करणाऱ्या जनुकीय कपाशीच्या वाणांना देशात परवानगी नाही, त्यामुळे त्या बियाण्याकडे नेणारी लिंक देऊच नये. मधुमेहासारख्या आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याने निषिद्ध आहे. अशा उत्पादनांच्या योजना कितीही कमिशन देत असल्या तरी त्या टाळाव्यात.

गैरसमज ७ : कमिशनच्या लिंका असल्या की गुगल लेख खाली ढकलते.

वस्तुस्थिती : कमिशनची लिंक असणे हा गुगलच्या दृष्टीने दोष नाही. अशा लिंका ओळखू याव्यात म्हणून गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण आणली. लिंकच्या कोडमध्ये ती लावावी अशी अपेक्षा आहे. दोष दिला जातो तो दुकानाच्या पानावरचे वर्णन जसेच्या तसे उचलून त्याखाली लिंका लावणाऱ्या, स्वतःची भर न घालणाऱ्या पानांना. पंप स्वतः वापरून, एका चार्जिंगवर किती टाक्या होतात, नोझल कधी गळते, वॉशर जवळपास मिळते का, हे लिहिणाऱ्या लेखाला ती भीती नाही.

गैरसमज ८ : हे काम इंग्रजीतच चालते; मराठीत, त्यातून गावाकडून, काही होत नाही.

वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते, हिंदी आणि बंगालीनंतर हा देशातला तिसरा मोठा भाषिक समूह आहे. डिसेंबर २०१६ पासून अमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके मिळू लागली, त्यामुळे पुस्तकांविषयी लिहिणाऱ्यांनाही लिंक द्यायला मराठी माल आहे. मराठीत खरी उणीव आहे ती अनुभवातून आलेल्या माहितीची. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की डोक्याला बांधायची बॅटरी ओलित संपेपर्यंत पुरते का, काळ्या मातीच्या चिखलात कोणता बूट टिकतो, अमुक कंपनीचे दुरुस्ती केंद्र मेहकरला आहे की थेट जालन्याला जावे लागते, हे शहरात बसून लिहिता येत नाही. वस्तू गावाच्या पिनकोडवर पोहोचते की नाही, हेही लिंक देण्यापूर्वी तपासावे लागते. गावातल्या लेखकाचे बळ या बारीक माहितीत आहे.

गैरसमज ९ : रकमा लहान असतात, त्यामुळे कराचा प्रश्न येत नाही.

वस्तुस्थिती : कमिशन हे उत्पन्न आहे, आणि सामान्यतः ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. कंपनी पैसे देताना ठरावीक मर्यादेपुढे उद्गम कर कापते. कमिशन आणि दलालीवरील या कराचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिलेला नसेल, तर कपात २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मिळवता येते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत बहुतेक लेखकांना जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही.

शेतकरी कुटुंबांत इथे एक घोटाळा होतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, पण शेतीविषयी लिहून मिळालेले कमिशन शेतीचे उत्पन्न ठरत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवावी. कोणत्या योजनेतून किती आले, किती कापले गेले, आणि लेखनासाठी इंटरनेट, संकेतस्थळाचे भाडे व चाचणीसाठी घेतलेल्या वस्तू यांवर किती खर्च झाला, हे महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवले तर विवरणपत्र भरणे सोपे जाते, आणि हे काम खरोखर परवडते आहे का याचे उत्तरही त्याच वहीत मिळते.