वेग वाढवला, पण करार कुणी वाढवला?



शिरवळमध्ये हा विषय घ्यायचं कारण साधं आहे. इथे एमआयडीसी आहे, पुणे-सातारा हमरस्ता आहे आणि कामासाठी येऊन भाड्याने राहणारी माणसं भरपूर आहेत. आज इथे, वर्षभराने कदाचित चाकणला नाहीतर रांजणगावला. अशा माणसाला इंटरनेटवाल्याने बारा महिने बांधून घेतलं, तर त्याचा हिशोब काय होतो? ते आज बघू.

आधी माझ्या घरची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

घरी ५० एमबीपीएसचं कनेक्शन होतं, महिना ४९९ रुपये. पहिल्या वर्षाची अट कधीच संपली होती. एक दिवस फोन आला, "सर, फक्त शंभर रुपये जास्त, वेग दुप्पट करून देतो. मोबाइलवर ओटीपी येईल तेवढा सांगा." मुलीचे ऑनलाइन क्लास चालू होते. मी सांगून टाकला. पाच महिन्यांनी आम्ही घर बदललं. नव्या इमारतीत त्यांची केबल नव्हती. बंद करा म्हटलं, तर उत्तर आलं, "तुमचा करार अजून सात महिने आहे." सात गुणिले ५९९, म्हणजे ४,१९३ रुपये. आता मला सांगा, मी वेग मागितला होता. वर्ष कधी मागितलं होतं?

कंपनीचा खर्च नेमका कुठे होतो?

आधी कंपनीची बाजू समजून घेऊ, कारण ती अगदीच खोटी नाही. नवं कनेक्शन देताना खांबावरून घरापर्यंत फायबर ओढावी लागते, ती जोडायला माणूस लागतो, घरात डबी आणि राउटर बसवावा लागतो. "इन्स्टॉलेशन फ्री" म्हणतात, पण फुकट काहीच नसतं. हा खर्च महिन्याच्या बिलातून हळूहळू वसूल होतो. ग्राहक दोन महिन्यांत निघून गेला तर कंपनीचं खरंच नुकसान होतं. म्हणून पहिल्या वेळी ठरावीक मुदतीची अट असते. लोक तिला लॉक-इन म्हणतात.

आता वेग वाढवताना काय होतं ते पाहा. घरगुती फायबरची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात एका मुख्य तारेवर सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह असतो आणि तो साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. तुमच्या घराला ५० द्यायचे की १००, ते कंपनीच्या ऑफिसमधल्या संगणकावर ठरतं. तार तीच, डबी तीच. राउटर जुना असेल तर तो बदलावा लागेल, तेवढा खर्च नवा. पण राउटरही तोच राहिला असेल, तर नव्या बारा महिन्यांत कंपनी नेमकं काय वसूल करतेय?

माझा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे. मुदतीची अट खर्चाशी जोडलेली असली पाहिजे. नवा खर्च नाही, तर नवी मुदत कशासाठी?

नवा रोखा

आपल्या भागाला हा प्रकार नवा नाही. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या रोख्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनी बाकी आणि व्याज मिळून नवी मुद्दल व्हायची. शेतकऱ्याला वाटायचं, थोडी उसंत मिळाली. प्रत्यक्षात अंगठा नव्या कागदावर उमटलेला असायचा. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला, तेव्हा लोकांनी हे रोखे आणि वह्याच जाळल्या. मग १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांना लागू झाला. त्यात कोर्टाला अधिकार मिळाला की शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहार सुरुवातीपासून तपासायचा.

इंटरनेट कंपनी म्हणजे सावकार, असं मी म्हणत नाही. इथे कुणाची जमीन जात नाही. पण युक्ती ओळखीची आहे. सवलत पुढे करायची आणि तिच्याआड मुदत नव्याने सुरू करायची.

कायदा काय म्हणतो?

ओटीपी म्हणजे आजचा अंगठा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून रद्द ठरत नाही. तेव्हा "मी सही कुठे केली?" हा बचाव फार टिकणार नाही.

पण १८७२च्या भारतीय करार कायद्याला संमती लागते, आणि संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. मला मुदत सांगितलीच नसेल, तर मी ती मान्य कशी केली? त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं, करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या आत. कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं की मुळात नुकसान झालेलं असलं पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' अशी व्याख्याच आहे. करार मोडल्याचा दंड समोरच्याच्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाच्या सवा असेल, तर तो त्यात बसतो.

युरोपीय संघाने २०१८च्या दूरसंचार निर्देशात हे आणखी सरळ लिहिलंय. त्याच कंपनीकडून जादा सेवा किंवा उपकरण घेतलं, म्हणून मूळ कराराची मुदत वाढत नाही; ग्राहकाने तसं स्पष्टपणे मान्य केलं तरच वाढते. आपल्याकडेही एवढं एक वाक्य हवं.

ओटीपी देण्याआधी

पहिली गोष्ट, फोनवर ओटीपी सांगूच नका. वेग वाढवायचाच असेल तर कंपनीच्या ॲपवरून किंवा ऑफिसात जाऊन वाढवा. आणि चार प्रश्न विचारा. माझी मुदत नव्याने सुरू होणार का? मध्येच बंद केलं तर किती रुपये? घर बदललं आणि तिथे तुमची लाइन नसेल तर? राउटर माझा की तुमचा? उत्तरं मेसेजवर किंवा ईमेलवर मागा. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरणार असाल, तर उरलेले परत मिळतात का, हेही विचारा. आपल्याकडे बांधून ठेवण्याची खरी दोरी पुष्कळदा तीच असते.

(श्रोत्यांतून प्रश्न: वेग वाढवला, पैसे वाढले, पण वेग मिळतच नाही. तरी बांधलेलेच का?)

नाही. वचन त्यांनीही दिलंय. राउटरला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा, तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, आणि फोटो ठेवा. तक्रार करून तिचा नंबर घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. 'ट्राय' एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात, दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. करारच अनुचित ठरवून हवा असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात का, हा वाद बरीच वर्षं होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. चालतात.

माझं काय झालं, विचाराल. मी लेखी विचारलं, "वेग वाढवताना तुमचा नवा खर्च कोणता झाला?" उत्तर आलं नाही, पण रक्कम निम्म्यावर आली. राउटर परत केला, पोच घेतली, पैसे भरले आणि सुटलो. खरं तर तेही भरायला नको होते. प्रश्न बरोबर होता, फक्त मी तो पाच महिने उशिरा विचारला. तुम्ही आधी विचारा.