दादांचं रिव्हॉल्व्हर

अब्बांच्या इंतकालानंतर काळेवाडीच्या घरातली लोखंडी पेटी आम्ही भावंडांनी उघडली. जमिनीचे कागद, अम्मीचा निकाहनामा आणि तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं रिव्हॉल्व्हर. सोबत दादांच्या नावाचा परवाना. दादांना जाऊन तीस वर्षं झालेली. त्यानंतर परवान्यावर एकही शिक्का नव्हता. म्हणजे इतकी वर्षं ते हत्यार आमच्या घरात बेकायदा पडून होतं.

चाचा म्हणाले, "हे १८५७ च्या गदरमधलं आहे. लाखांत जाईल." धाकट्याने ते चमकवायला पॉलिश पेपर आणला. फुफी शांतपणे म्हणाल्या, "लाखांत गेलं, तर ते माझ्याही बापाचं आहे."

आम्ही वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "आधी हात लावू नका. रिकामं आहे असं धरून चालू नका. आजच पोलिसांना कळवा." शस्त्र कायदा १९५९ चा. परवानाधारक वारला की वारसांनी हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. ठाण्यात नोंद झाली आणि रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडे जमा झालं. तिथल्या वयस्कर जाणकारांनी आम्हाला ते वाचायला शिकवलं.

पहिली गोष्ट त्यांनी चाचांना सांगितली. १८५७ च्या काळातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक खणात दारू आणि गोळी ठासावी लागे, मागे तांब्याची टोपी बसवावी लागे. आमचं मात्र मधून मोडून उघडणारं, काडतुसाचं, बर्मिंगहॅमच्या वेबली कंपनीचं. या जातीचं वेबली ब्रिटिश फौजेने १८८७ मध्ये स्वीकारलं. गदरची गोष्ट तिथेच संपली.

मग त्यांनी भिंग दिलं. सांगाड्यावरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळला. फिरत्या चक्रावरचा मात्र वेगळा निघाला. म्हणजे चक्र कधीतरी बदललेलं. संग्राहक सगळे भाग मूळचे आहेत का, ते आधी पाहतो. त्यानंतर नळीचा आतला भाग, गंजाचे खड्डे, स्क्रूच्या खाचा आणि मूळ निळसर काळा मुलामा. नवा मुलामा चढवण्यापूर्वी धातू घासला जातो, त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात. धाकट्याचा पॉलिश पेपर वेळीच थांबला हे बरं. जुना मुलामा एकदा गेला की परत येत नाही. नकलाही पुष्कळ. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर पिढ्यान् पिढ्या विलायती हत्यारांच्या नकला बनवत आले आहेत. एखादं इंग्रजी अक्षर उलटं कोरलेलं दिसलं की जाणकार सावध होतो.

हत्यार कोणाचं, हे घराण्यातल्या गोष्टीने सिद्ध होत नाही, कागदाने होतं. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्सचा वध झाला. त्या खटल्यातलं भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल अनेक दशकं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात होतं, पण ते त्यांचं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यावर काळा रंग चढवलेला होता. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि तो खटल्याच्या कागदपत्रांतल्या क्रमांकाशी जुळला. आज ते पिस्तूल हुसैनीवाला येथे आहे.

"जुनं आहे, मग परवाना कशाला?" हा चाचांचा शेवटचा प्रश्न. कायद्यात सूट आहे, पण ती नुसत्या वयाला नाही. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार दुरुस्तीनंतरही चालणार नसेल, तरच सूट. आमचं चालण्याजोगं होतं. ते ठेवायचं तर वारसाला स्वतःचा परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची हत्यारं धरूनही दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. शंभर वर्षांपेक्षा जुनी पुराणवस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठवायलाही १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

घरात ते ठेवायची कोणाची तयारी नव्हती. सर्वांच्या सह्यांनी ते विक्रेत्यामार्फत विकायचं ठरलं. चक्र बदललेलं आहे हे कागदावर लिहून दिलं. ऐब लपवून घेतलेला पैसा आम्हाला नको होता. रक्कम लाखांत नव्हती. जी आली तिचे शरीअतप्रमाणे हिस्से केले आणि फुफींचा हिस्सा सर्वांत आधी त्यांच्या हातात दिला.

जुना परवाना प्रकरणाच्या कागदांत गेला, पण त्याची प्रत आमच्याकडे आहे. त्यावर दादांचा तरुणपणीचा फोटो आहे. अब्बांनी ते हत्यार का लपवून ठेवलं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. तुमच्या घरात अशी पेटी असेल, तर वडीलधारे आहेत तोवर त्यांच्यासमोरच उघडा.