स्पोर्टराइझ्ड रायफल

स्पोर्टराइझ्ड रायफल म्हणजे मुळात सैन्यासाठी बनवलेली, परंतु नंतर शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी रूपांतरित केलेली रायफल होय. अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत अशा रायफली मोठ्या संख्येने आढळतात आणि आज त्या बहुधा वारसाहक्काने पुढील पिढीकडे येतात. अशा रायफलीचे मूल्य तीन गोष्टींवर अवलंबून असते: तिचा मूळ नमुना, तिच्यात झालेले बदल आणि त्यांपैकी किती बदल पूर्ववत करता येतील.

पार्श्वभूमी

दोन्ही महायुद्धांनंतर सैन्याकडे उरलेल्या लक्षावधी रायफली नागरी बाजारात अल्प किमतीत विकल्या गेल्या. नव्या शिकारी रायफलीपेक्षा त्या बऱ्याच स्वस्त पडत. अमेरिकेत त्या टपालानेही मागवता येत असत. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने ही पद्धत बंद केली. अमेरिकी एम१९०३ स्प्रिंगफील्ड व एम१९१७, ब्रिटिश ली-एनफील्ड आणि जर्मन माउझर ९८ हे नमुने रूपांतरासाठी विशेष लोकप्रिय होते.

रूपांतरात सामान्यतः लाकडी दस्त्याचा पुढचा भाग कापला जाई, नळीवरील लाकडी आवरण व संगीन बसवण्याची जोडणी काढली जाई, नळी आखूड केली जाई आणि दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरला भोके पाडली जात. दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून बोल्टची मूठही अनेकदा वाकवली जाई.

ओळख

बाह्य आकार बदललेला असल्याने ओळखीसाठी धातूवरील ठशांचा आधार घ्यावा लागतो.

ली-एनफील्ड (क्र. १ नमुना): दस्त्याच्या मानेभोवतीच्या धातूच्या पट्ट्यावर राजमुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष व नमुना कोरलेला असतो. एनफील्ड, बीएसए व बंगालमधील ईशापूर ही तेथे आढळणारी काही नावे होत. बोल्टच्या मुठीवरील अनुक्रमांक रायफलीच्या अनुक्रमांकाशी जुळणे अपेक्षित असते.

माउझर कॅराबिनर ९८के: रिसीव्हरच्या वरच्या भागावर कारखान्याचा सांकेतिक शब्द व वर्ष असते. उदाहरणार्थ, 'बीवायएफ ४४' याचा अर्थ ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखाना, १९४४ असा होतो.

एम१९०३ स्प्रिंगफील्ड: रिसीव्हरवर कारखाना व अनुक्रमांक असतो, तर नळीच्या टोकाशी माशीच्या मागे नळीनिर्मितीचा महिना व वर्ष असते. नळी आखूड करताना हा ठसा नष्ट होतो. तो शाबूत असला तरी त्यावरून केवळ नळीचे वय कळते; सैन्याच्या दुरुस्तीत नळी बदललेली असू शकते.

सुरक्षितता

ओळख पटण्यापूर्वी अशा रायफलीतून गोळी झाडणे धोक्याचे असते. प्रारंभीच्या एम१९०३ रायफलींचे रिसीव्हर बनवताना पोलादाचे तापमान कामगार डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. त्यामुळे काही पोलाद अतितप्त होऊन ठिसूळ झाले व रिसीव्हर फुटण्याच्या घटना घडल्या. स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड आर्सेनलचे २,८५,५०७ पेक्षा कमी अनुक्रमांक त्यामुळे वापरास असुरक्षित मानले जातात.

दुसरा धोका काडतुसाचा असतो. अमेरिकेत अनेक माउझर रायफलींचे चेंबर मूळ ७.९२ मिमी काडतुसाऐवजी अन्य काडतुसासाठी वाढवले गेले आणि नवी नोंद धातूवर नेहमीच केली गेली नाही. १९६० च्या दशकात ईशापूर येथे बनलेली २ए रायफल दिसायला .३०३ ली-एनफील्डसारखीच असली, तरी तिचे काडतूस ७.६२ मिमी नाटो आहे. म्हणून जाणकार कारागिराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून चेंबरचा साचा घेतला जातो व हेडस्पेस मोजला जातो.

मूल्यनिर्धारण

संग्राहकांच्या दृष्टीने सर्वाधिक मोल मूळ स्थितीतील, जुळत्या क्रमांकांच्या लष्करी रायफलीला असते. घरगुती पद्धतीने रूपांतरित केलेल्या रायफलीला सहसा त्याहून बरीच कमी किंमत मिळते, मग त्या कामावर मूळ मालकाने कितीही खर्च केलेला असो.

यात बदलांचे स्वरूप निर्णायक ठरते. केवळ दस्ता कापलेला असल्यास जुना दस्ता व आवरण मिळवून रायफल पूर्ववत करता येते. मात्र आखूड केलेली नळी, भोके पाडलेला रिसीव्हर किंवा एम१९१७ च्या मागील दर्शकाचे घासून काढलेले 'कान' पूर्ववत होत नाहीत. सुट्या भागांचा खर्च पूर्ववत केलेल्या रायफलीच्या किमतीहून अधिक होत नाही ना, हेही पाहावे लागते.

याला महत्त्वाचा अपवाद नामांकित कारागिरांच्या कामाचा आहे. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाऊ या संस्थेने रूपांतरित केलेल्या स्प्रिंगफील्ड रायफली स्वतंत्र मोलाच्या मानल्या जातात. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची आफ्रिकेतील शिकारीची रायफल याच संस्थेची होती. तसेच १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड आर्मरीने स्वतःच बनवलेली 'एनआरए स्पोर्टर' ही रूपांतरित नसून मूळचीच शिकारी धाटणीची आहे. अशी रायफल 'लष्करी' रूपात आणल्यास तिचे खरे ऐतिहासिक मूल्य नष्ट होते. त्यामुळे ओळख निश्चित होईपर्यंत धातू घासणे, नवे ब्लूइंग करणे किंवा दस्त्याला पॉलिश करणे टाळले जाते. जुनी पत्रे, पावत्या व छायाचित्रे रायफलीसोबत जपल्यास तिचा इतिहास सिद्ध करणे सोपे जाते.

भारतातील स्थिती

भारतात .३०३ हे सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर गणले जाते. नागरी वापरासाठी ईशापूर येथे ली-एनफील्डच्या यंत्रणेवर आधारित .३१५ बोअरची रायफल बनवली गेली. तीही मूळचीच नागरी रायफल असल्याने स्पोर्टराइझ्ड या वर्गात मोडत नाही. वारसाने मिळालेले शस्त्र परवान्याविना बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये गुन्हा आहे. वारसाने ते विहित पद्धतीने जमा करून परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.