बांधावरची बाभळ आणि घरातले लाकूड

ईस्टरला दोन आठवडे उरले होते. उसाची तोड संपत आली होती. आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी बांधव रविवारच्या मिस्सानंतर थांबले आणि म्हणाले, "फादर, बांधावरच्या सात बाभळी काढून टाकतोय बघा. थोरलीच्या कॉलेजची फी भरायची हाय. वखारवाल्यानं उक्ता सौदा केलाय." किती लाकूड निघेल असे आम्ही विचारले, तर त्यांना सांगता येईना. झाड उभे असताना त्याभोवती एक फेरी मारून त्या गृहस्थाने आकडा सांगितला होता आणि यांनी मान डोलावली होती. गूळ असो, तंबाखू असो, मिरची असो, किलोभर वजनासाठी काट्यावर भांडणारा आपला शेतकरी झाडाच्या बाबतीत असा भोळा का होतो, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिंप्याची टेप घेऊन त्यांच्या रानात गेलो. लाकूड मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळून घेर काढावा, त्याचे चार भाग करावेत, एका भागाचा वर्ग करून लांबीने गुणावे. समजा घेर ६० इंच आहे व सरळ लांबी १० फूट. चौथा भाग १५ इंच, त्याचा वर्ग २२५ चौरस इंच, म्हणजे साधारण १.५६ चौरस फूट. दहाने गुणले की १५.६ घनफूट झाले. आता गंमत पाहा. शाळेतल्या गणिताप्रमाणे वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर त्याच ओंडक्यात जवळजवळ २० घनफूट लाकूड भरते. म्हणजे साल, वाकडेपणा आणि करवतीचा भुसा यांच्यासाठी पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिकच सूट या रीतीतच आधी दिलेली असते. त्यावर व्यापारी पुन्हा "साल वजा, गाठ वजा" करू लागला, तर तो तीच सूट दोनदा घेतो आहे, हे ओळखावे. फांद्यांचे जळण वेगळे, तेही वजनावर द्यावे.

सातांपैकी चार झाडे भरली होती, तीन कोवळी होती. चारच विकली. आधी ठरलेल्या रकमेपेक्षा चारांचेच पैसे अधिक आले, इतकेच येथे सांगतो. आकडा त्यांच्या घरचा आहे.

बाभळीला आपण काटेरी म्हणून हिणवतो, पण या मुलुखाची शेती तिच्यावर उभी होती. नांगर, कुळव, जू, मोटेचा सरंजाम, सारे बाभळीचे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे, सगळे सुताराने एकमेकांत असे बसवायचे की खिळा लागू नये, आणि वर तापलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतले की ती आवळून सारे चाक एकजीव होई. आमच्या गावातले एक म्हातारे सुतार सांगतात की बाभळीचा ओंडका आणला की ते तो ओढ्याच्या डबक्यात सहा महिने बुडवून ठेवीत. त्याशिवाय त्याला तासणी लावीत नसत. यात अंधश्रद्धा काही नाही. लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात पिठूळ सत्त्व असते आणि किडा त्याच्यासाठीच येतो. पाण्यात ते विरघळून व आंबून कमी होते, मग किड्याला खायला उरत नाही.

दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी प्रभू येशूविषयी लिहून ठेवले आहे की तो नांगर व जू बनवीत असे. आम्ही सेमिनरीत हे वाचले तेव्हा ते तितकेसे मनावर घेतले नव्हते. त्या म्हाताऱ्या सुतारांनी जू बैलाच्या मानेला घासू नये म्हणून त्याला कसा गोलवा देत, हे हाताने दाखवले, तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवले.

आणि साल? निपाणी, अथणी या भागांत चामडे कमावण्यासाठी बाभळीची साल व हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगावी, तसेच धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हेही आहेत. नाव कोल्हापूरचे असले तरी हक्क आपलाही आहे. पण बांधावरून बाभूळ गेली तर साल कोठून आणायची? वखारवाला साल फुकट नेतो. ती सोलून, वाळवून वेगळी विकावी.

बाभळी का गेल्या हे सर्वांना ठाऊक आहे. ऊस बांधाला भिडला, बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, गाडीला रबरी टायर आले. झाडाच्या सावलीत पीक मागे राहते ही तक्रारही खोटी नाही. उत्तरेच्या बांधावर झाड लावले तर वर्षातील बराच काळ सावली आपल्या रानात न पडता शेजाऱ्याच्या रानात पडते, म्हणून तसे लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे! ओढ्याची कड, गाडीवाट, विहिरीची पड जागा येथे कोणाचेच नुकसान नाही.

मग घराला लागणारे लाकूड कोठून येते? पूर्वी ते खानापूर, हल्याळ, दांडेलीच्या रानांतून येई: सागवान, शिसव, किंजळ, ऐन. ती राने आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, आणि जी आहेत ती तोडण्यासाठी नाहीत. आपल्या दारावरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या रानात उगम पावते व आजरा, गडहिंग्लजवरून आपल्याकडे येते. तिच्या उगमाकडचे झाड आपल्या चौकटीसाठी पाडणे म्हणजे स्वतःच्याच विहिरीत दगड टाकणे.

झाडे लावली की झाले, असेही नाही. १९८४ साली कर्नाटक सरकारने कागद व धाग्याच्या कारखान्याला लगदा मिळावा म्हणून सुमारे ३० हजार हेक्टर गावरान व पड जमीन एका संयुक्त कंपनीला निलगिरीसाठी देऊ केली. गुरे कोठे चारायची, सरपण कोठून आणायचे, असा प्रश्न गावांपुढे उभा राहिला. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे १४ नोव्हेंबर १९८७ रोजी लोकांनी निलगिरीची शंभर रोपे उपटून त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९९१ मध्ये ती कंपनी बंद झाली. झाड कोणते आणि कोणासाठी, हे गावाने विचारायचे असते, हे तेथे दिसले.

सागाच्या नावाने फसगतही पुष्कळ झाली. १९९० नंतरच्या दशकात "आज हजार भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या" अशा थाटाच्या जाहिराती करणाऱ्या कंपन्या निघाल्या व १९९८च्या सुमारास बुडू लागल्या. सागाचा दोष नाही. पंधरा वर्षांच्या सागात बाहेरचा पांढरा भागच जास्त असतो, आणि सागाची कीर्ती आहे ती आतल्या तपकिरी गाभ्याची. पांढऱ्या भागाला वाळवी इतर लाकडासारखीच खाते.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रार्थनामंदिरासाठी आम्ही बाके करवून घेतली. स्वस्त पडली म्हणून आनंद मानला. पावसाळा गेला आणि उन्हाळा आला तसे प्रवचन चालू असता मधूनच "कट्" असा आवाज येऊ लागला. फळ्या तडकत होत्या. लाकूड ओले होते. पुढच्या वर्षी बाकांखाली पिठासारखा भुसा पडू लागला. दोष विकणाऱ्याचा जेवढा, तेवढा घाई करणाऱ्या आमचा.

लाकूड कापून आणल्यावर फळ्या जमिनीपासून हातभर उंच, सावलीत, वारा खेळेल अशा रचाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा घालाव्यात, नाहीतर फळी वाकते. दोन्ही टोकांना रंग किंवा मेण फासावे, कारण ओल टोकाकडून भराभर निघून जाते व चीर तेथून सुरू होते. इंचभर जाडीच्या फळीला निदान एक कोरडा हंगाम तरी द्यावा. निलगिरी वाळताना फार पिळवटते, तिची फळी करण्यापेक्षा वासे करावेत. आंब्याचे लाकूड किडीला लवकर बळी पडते. त्याला बोरिक ॲसिड व बोरॅक्सच्या पाण्याचा उपचार करून घ्यावा.

या पानाचा दुसरा विषय आरोग्य, म्हणून दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. हिरवट रंग चढलेले, औषध मारलेले खांब काही जणांच्या घरी जुने पडलेले असतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे हे मिश्रण १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसन या आपल्याच शास्त्रज्ञाने शोधले व ते जगभर गेले. ते वाळवीला मारते तसे माणसालाही सोडत नाही. असे लाकूड चुलीत कधीही घालू नये, त्याची राख परसात टाकू नये. दुसरे, लाकडाची बारीक धूळ नाकाच्या कर्करोगास कारण ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले. आपल्यातील जे तरुण फर्निचरच्या कारखान्यांत काम करतात, त्यांनी यंत्रावर असताना नाकातोंडावर मास्क बांधावा. रुमाल पुरत नाही.

तोडण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे. कर्नाटकात १९७६चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात १९६४चा. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक यांसारख्या काही जातींना आपल्याकडे सूट आहे. आपल्यातील कित्येकांची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे. एकीकडचा दाखला दुसरीकडे चालत नाही, आणि नाक्यावर गाडी अडली की लाकडापेक्षा हेलपाटे महाग पडतात.

त्या बांधवांच्या तीन बाभळी अजून उभ्या आहेत. चारांच्या जागी नवी लावायची म्हणून त्यांनी शेंगांचे बी पेरले, पण फारसे उगवले नाही. बाभळीच्या बियांची साल कठीण असते. शेळी शेंगा खाते, बी तिच्या पोटातून बाहेर पडते, तेच लवकर रुजते. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी गोठा झाडताना सापडलेले बी पिशवीत भरून ठेवावे व मृगाच्या आधी आमच्याकडे आणून द्यावे. आम्ही ते मागणाऱ्यांना वाटू.