फळी उतरते, होडी तरंगते

शिडाच्या होडीवर वारा बाजूने दाबतो. तो दाब पेलायला पाण्याखाली एखादे रुंद, उभे पाते नसेल, तर होडी पुढे जाण्याऐवजी कडेला घसरत राहते. खोल समुद्रात तळाला जड, पक्का कील बसवून हे भागते. पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, चेसापीक उपसागरापासून केप कॉडपर्यंतच्या उथळ पाण्यात, असा कील वाळूत रुततो. म्हणून तिथल्या नावाड्यांनी सेंटरबोर्ड आपलासा केला: हवी तेव्हा खाली सोडायची आणि नको तेव्हा वर ओढायची फळी.

या फळीसाठी तळालाच लांबट फट ठेवतात. तरीही होडी बुडत नाही, कारण फटीभोवती आतून एक अरुंद, पाणी न झिरपणारी पेटी उभारलेली असते. पाणी पेटीत बाहेरच्या पातळीइतकेच चढते आणि थांबते. सेंटरबोर्डची सारी दुरुस्ती या एका नियमावर उभी आहे.

ब्रिटिश नौदलाचे अधिकारी जॉन शँक यांनी 1774 मध्ये बोस्टनला सरळ वर-खाली सरकणाऱ्या फळीची होडी बांधली. त्यांच्याच रचनेचे 60 टनी ‘लेडी नेल्सन’ हे जहाज तीन सरकत्या फळ्या घेऊन 1800 मध्ये इंग्लंडहून सिडनीला पोहोचले. अशी फळी डेकवरूनच वर काढता येई, पण तळ लागला की ती मोडे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ‘लेडी नेल्सन’च्या फळ्यांची अशीच वाताहत झाली आणि 1802 मध्ये किनाऱ्याच्या सर्वेक्षण मोहिमेचे प्रमुख मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी तिला मोहिमेतून सिडनीला परत पाठवले.

न्यू जर्सीतल्या केप मे इथल्या स्वेन कुटुंबातील तिघांनी 1811 मध्ये वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले. त्यांची फळी पुढच्या टोकाशी एका खिळीवर फिरते. वाळूला टेकली की चाकूचे पाते मुठीत मिटावे तशी आपोआप पेटीत जाते. ही रचना जगभर पसरली. ‘फिनिस्टेर’ या सेंटरबोर्डच्या नौकेने 1956, 1958 आणि 1960 अशी सलग तीनदा बर्म्युडा शर्यत जिंकली. 1982 च्या आशियाई खेळांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले ती फायरबॉल प्रकारची होडीही सेंटरबोर्डचीच.

या सोयीची किंमत मात्र दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते, कारण खीळ बहुधा पाण्याच्या पातळीखाली असते. फायरबॉलसारखी हलकी होडी किनाऱ्यावर आडवी करता येते. पाच-सहा टनांच्या नौकेला क्रेन हवी, आणि ती जवळ नसेल तर काम पाण्यातच करावे लागते.

बिघाड ठरलेले असतात. फळी उचलणारी तार गंजून तुटते. लोखंडी फळी गंजाने फुगून पेटीत अडकते. खिळीचे भोक झिजून फळी खडखडते. दुरुस्तीसाठी फळी उतरवायची तर जागा शांत हवी आणि खोली इतकी, की फळी पूर्ण लोंबकळूनही तळाला टेकणार नाही. तळाखालून दोन दोर काढून फळीला पुढून-मागून आधार देतात आणि तिचा भार खिळीवरून दोरांवर घेतात. भार सुटला की खीळ सहसा हाताने सरकते. ठोकावी लागली तर भार अजून तिच्यावरच आहे असे समजावे.

खीळ केबिनच्या बाजूने निघणारी असेल तर खरी कसोटी इथे आहे. पातळीखाली 30 सेंटिमीटरवरच्या 25 मिलिमीटर भोकातून मिनिटाला सुमारे 40 लिटर पाणी आत येते. म्हणून जुन्या खिळीच्या मागोमाग त्याच जाडीचा लाकडी दांडा सरकवत नेतात. भोक क्षणभरही मोकळे राहत नाही. निमुळते लाकडी बूच आणि चालू पंप हाताशी असतातच.

मग दोर हळूहळू सैल करून फळी खाली सोडतात, तळाखालून बाजूला घेतात आणि शिडाच्या दोरावर धक्क्याकडे उचलतात. 100 किलोची ओतीव लोखंडाची फळी समुद्राच्या पाण्यात साधारण 86 किलो भरते. बाहेर येताच पूर्ण वजन दोरावर पडते. म्हणून दोर हवेतल्या वजनाच्या हिशोबाने निवडायचा. लाकडी फळी उलट वर तरंगू पाहते. तिला वजन बांधून खाली ओढावे लागते. पाणबुड्याने लोंबकळत्या फळीखाली कधी जाऊ नये आणि एकट्याने तर उतरूच नये. ज्या होडीचा तोल फळीच्याच वजनावर आहे, तिची डोलकाठी आधी उतरवावी, नाहीतर फळी सुटताच होडी कलंडू शकते.

बसवताना खिळीचे भोक जुळवायला निमुळती सळई आधी घालतात, मग तिच्या मागून नवी खीळ. दुरुस्त फळीवर लेपाचा थर जाड झाला तर ती पुन्हा अडकते. म्हणून फटीची रुंदी आधीच मोजून ठेवलेली बरी.

शँक यांची फळी काढायला सोपी होती, स्वेन यांची वापरायला. चांगल्या नौकाबांधणीने दोन्ही साधायला हवे: खिळीपर्यंत हात पोहोचावा, फळीला दोर बांधायचे भोक असावे आणि मापे होडीच्या कागदपत्रांत लिहिलेली असावीत. बांधणाऱ्याने इतका विचार केला, तर क्रेन नसलेल्या बंदरातही होडीची निगा तिच्या माणसांच्या हाती राहते.