ब्रिज पिकअप निवडताना

सिंगापूरच्या सिटी हॉल परिसरातलं पेनिन्सुला शॉपिंग सेंटर गिटारच्या दुकानांसाठी ओळखलं जातं. स्ट्रॅटोकास्टरसारख्या सिंगल कॉइल गिटारसाठी नवा ब्रिज पिकअप घ्यायला तिथे जाण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात.

ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला आवाज धारदार पण पातळ येतो. तो भरीव व्हावा म्हणून या पिकअपच्या कॉइलला अनेकदा जास्त वेढे देतात. त्याने आवाज जोरकस होतो, मात्र चमक घटते. साधा सिंगल कॉइल बहुधा ६ ते ७ किलोओहमचा असतो. पण केवळ या आकड्यावर निवड करू नये. कॉइलच्या तारेची जाडी आणि चुंबकाचा प्रकारही आवाज बदलतात.

सिंगापूरची वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची. तिची घरघर सिंगल कॉइल पकडतो. ती नकोच असेल, तर त्याच आकारात एकावर एक दोन कॉइल बसवलेला पिकअप मिळतो.

खर्च करण्याआधी मात्र स्क्रूने पिकअपची उंची बदलून पाहा. जुन्या स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेला नसतो. तो जोडून घेतला तरी कर्कशपणा बराच आवरता येतो.